जुने सामान, नवी राहणी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. या दोन्ही उद्योगांत माणसाचा कस लागतो आणि गाठीचा पैसाही जातो. या म्हणीला आणखी एक शेपूट जोडायला हरकत नाही, असे मला वाटते : ‘आणि बिऱ्हाड पाहावे मांडून.’ बदलीच्या गावी रुजू झालेले गुरुजी, तालुक्याच्या ठिकाणी पहिल्यांदाच नोकरीला लागलेली मुलगी, लग्न होऊन वेगळे राहू लागलेले जोडपे, या सर्वांना हा अनुभव आहे. दोन खोल्या भाड्याने मिळतात, किल्ली हातात पडते, आणि दार उघडले की आत काय असते? चार भिंती आणि आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी. बसायला खुर्ची नाही, निजायला खाट नाही, वह्या तपासायला टेबल नाही.

अशा वेळी आणखी एक गोष्ट हमखास घडते. जागा बदलली की आपणही बदलावे, असे माणसाला वाटू लागते. उद्यापासून पहाटे उठायचे, फिरायला जायचे, तळकट कमी खायचे, असे संकल्प याच दिवसांत होतात. मग सामानाची यादी कागदावर उतरते आणि तब्येतीचे संकल्प मनातल्या मनात राहतात. महिन्याभरात सामान घरात येते. संकल्प मात्र उंबऱ्याबाहेरच थांबतो.

श्रोतेहो, आज मला सांगायचे आहे ते एवढेच, की या दोन याद्या वेगळ्या नाहीत. घरात येणारी प्रत्येक वस्तू आपल्या शरीराला काही ना काही वळण लावते. तेव्हा वस्तू घेताना ते वळण पाहून घ्यावी. आणि अशी पारख करून घ्यायला कोऱ्या सामानाच्या दुकानापेक्षा जुन्या सामानाचा बाजार पुष्कळदा सोयीचा पडतो.

वस्तू वळण लावते म्हणजे काय, याचे एक उदाहरण विलायतेतले आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्या लोकांची पाहणी केली. ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. ड्रायव्हर आणि कंडक्टर हे एकाच गाडीवर, एकाच रस्त्याने, एकाच वेळापत्रकाप्रमाणे काम करणारे. पण हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांत जास्त आणि कंडक्टरांत कमी आढळले. ड्रायव्हर दिवसभर आसनावर बसून असे. कंडक्टर तिकिटे देण्यासाठी गाडीतला जिना दिवसाला शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. पुढे त्याच डॉक्टरांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हर मुळातच कमरेने जाड असल्याचे दिसले. म्हणजे सगळाच दोष आसनाचा होता असे नाही. पण त्यानंतर निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांनी बसून राहण्याचा तोटा पक्का केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे बऱ्यापैकी दम लागेल अशी हालचाल करावी असे सांगितले आहेच. शिवाय बसून राहण्याचा वेळ कमी करावा, हेही बजावले आहे.

आता कुणी म्हणेल, ‘हे शहरातल्या बाबूलोकांचे दुखणे. आम्ही खेड्यातली माणसे, आमचा काय संबंध?’ पूर्वी हे म्हणणे खरे होते. आज ते तितके खरे राहिलेले नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात शंभर प्रौढांमागे सुमारे ११ जणांना मधुमेह आणि सुमारे ३५ जणांना उच्च रक्तदाब आढळला. मधुमेहाचे प्रमाण शहरात जास्त आहे, हे खरे. पण मधुमेहाच्या अलीकडची जी पायरी असते, साखर वाढू लागलेली पण रोग अजून जडलेला नाही अशी, तिच्यात शहर आणि खेडे यांत जवळजवळ फरक दिसला नाही. शंभरात साधारण १५ माणसे या पायरीवर इकडेही आहेत आणि तिकडेही. घरातला कर्ता माणूस ही पायरी ओलांडून पुढे गेला, की जन्मभराचे औषधपाणी सुरू होते. शेतमजुराच्या किंवा लहान शेतकऱ्याच्या घरी याचा अर्थ काय होतो, हे तुम्हांला निराळे सांगायला नको.

आपल्या आजोबांचे घर आठवून पाहा. जेवायला पाट, पुढ्यात चौरंग किंवा नुसतीच जमीन. निजायला बाज, ती सकाळी उभी करून भिंतीला लावायची. अंथरुणे गुंडाळून उचलून ठेवायची. पाहुणा आला की घोंगडी अंथरायची. दिवसातून किती वेळा खाली बसणे आणि उठणे होत असे! त्या काळचे सगळेच चांगले होते, असे मी म्हणत नाही. पहाटे तीन-तीन तास जाते ओढणाऱ्या बायांचे हाल काही थोडे नव्हते. पिठाची गिरणी आली हे चांगलेच झाले. पण जाते गेले, पाट गेला, बाज गेली, आणि त्यांच्या जागी आला ऐसपैस सोफा. समोर टी.व्ही. आणि हातात मोबाइल. संध्याकाळी सहाला जो माणूस त्या सोफ्यात रुततो, तो दहाला जेवणाच्या हाकेनेच उठतो. काही घरी तर ताटही तिथेच येते. यात त्या माणसाचा आळस थोडा आणि आसनाची करामत जास्त. मऊ, खोल, बुटके आसन; त्यातून उठायचे म्हणजे दोन्ही हात टेकावे लागतात. मग उठणेच टाळले जाते.

म्हणून पहिली सूचना अशी, की बिऱ्हाड मांडताना सोफ्याने सुरुवात करू नका. झोप, जेवण आणि अभ्यास या तीन कामांची सोय आधी करा. निजायला एक घट्ट पलंग किंवा बाज, लिहावाचायला टेबल-खुर्ची, अन्न ठेवायला जाळीचे कपाट किंवा फडताळ, आणि पाहुण्यासाठी दोन हलक्या खुर्च्या. एवढ्यावर चार माणसांचा संसार सुखाने चालतो. बाकीचे सहा महिन्यांनी पाहता येईल. सहा महिन्यांनी पुष्कळदा असे ध्यानात येते, की बाकीच्याची जरूरच नव्हती.

पैशाचा हिशेबही करून पाहा. समजा, ३० हजारांचा सोफा-संच बारा हप्त्यांवर घेतला. व्याज सोडून दिले तरी महिन्याला अडीच हजार रुपये झाले. नव्या संसारात हे अडीच हजार कुठून निघतात? भाडे थकवता येत नाही, वीजबिल थकवता येत नाही. काटछाट होते ती भाजीत, फळांत आणि दुधात. बैठकीची खोली भरते आणि ताट रिकामे होते. ऋण काढून सण करू नये असे आपण म्हणतो, ते इथेही लागू आहे.

आता जुने सामान मिळते कुठे? पहिला शोध दूरचा नको, जवळचा घ्या. आपल्या आणि नातलगांच्या माळ्यावर, गोठ्यात, परसातल्या पडवीत एखादी मोडकी खुर्ची, खूर तुटलेला पलंग, आजीची पेटी धूळ खात पडलेली असते. सुतारदादाला दाखवा. एका दिवसाच्या मजुरीत ती पुढची वीस वर्षे काम देण्यासारखी होते. दुसरा शोध सुताराकडेच. गावात कुणाचे घर पाडले जात आहे, कुणाकडे जुनी दारे-खिडक्या निघाल्या आहेत, याची बातमी त्याला आधी असते. पुण्यातले वाडे आणि मुंबईतल्या जुन्या चाळी पाडल्या गेल्या, तेव्हा त्यांतून ब्रह्मदेशच्या सागाचे वासे आणि तुळया निघाल्या. तसले लाकूड आज नव्याने घ्यायचे म्हटले तर सामान्य माणसाला परवडत नाही.

तिसरा मार्ग लिलावाचा. शाळा आणि सरकारी कचेऱ्या आपल्या नोंदवहीतील निकामी वस्तूंचे निर्लेखन करून त्यांचा जाहीर लिलाव करतात. शिक्षकांना ही पद्धत ठाऊकच आहे. त्यांत पुष्कळदा भक्कम लाकडी टेबले आणि लोखंडी कपाटे निघतात. चौथा मार्ग बाजाराचा. मुंबईला भेंडीबाजाराजवळ मटन स्ट्रीटवरचा चोरबाजार प्रसिद्ध आहे. जोगेश्वरीजवळ ओशिवऱ्याला लाकडी सामानाची दुकाने आहेत. पुण्याचा मंगळवार पेठेच्या बाजूचा जुना बाजार रविवार आणि बुधवारचा म्हणून ओळखला जातो. पण एका टेबलासाठी तिथवर जाण्याची गरज नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावीही अशी एकदोन दुकाने असतातच, आणि टेम्पोचे भाडे धरले तर तीच स्वस्त पडतात.

अलीकडे मोबाइलवरही जुन्या सामानाच्या जाहिराती येतात. त्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इसारा देऊ नका. आणि ‘तुमचेच पैसे तुम्हांला पाठवतो, तेवढा पिन दाबा’ असे कुणी म्हणाले, तर तो लबाड आहे असे खुशाल समजा. पैसे मिळण्यासाठी पिन दाबावा लागत नाही. तो पैसे देण्यासाठीच लागतो. सामान कुठूनही घ्या, साध्या कागदावर का होईना, पण पावती घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे, आणि जुन्या बाजारात स्वस्ताईच्या मोहाने माणूस कधीकधी नको त्या वस्तूला हात घालतो.

आता पारख कशी करायची ते पाहू. वस्तू दिवसाउजेडी पाहावी, दिव्याच्या उजेडात नको. आधी उचलून पाहा. सागवान, शिसवी, कोकणातले फणसाचे, ऐनाचे किंवा किंजळाचे लाकूड हाताला भरीव लागते. मग वस्तू उलटी करा. वरून पॉलिश कुणीही करतो. खरे लाकूड खालच्या बाजूला दिसते. सागाच्या आतल्या पक्क्या लाकडात नैसर्गिक तेल असते, म्हणून त्याला वाळवी सहसा लागत नाही. पण बाहेरच्या बाजूचे फिकट, कच्चे लाकूड कीड खाते. तेव्हा ‘साग आहे, साग आहे’ असे दुकानदार दहादा म्हणाला, तरी फिकट पट्टा किती आहे तो आपण पाहावा.

टेबलाच्या कोपऱ्यावर हात ठेवून हलवून पाहा. सांधा खाचेत बसवून लाकडी खुंटी मारलेला असेल, तर ढिला झाला तरी पुन्हा घट्ट करता येतो. नुसत्या खिळ्यांवर उभे असलेले सामान सोडून द्या. लाकडात बारीक भोके दिसली तर लगेच घाबरू नका. ती जुनी आणि मेलेली असू शकतात. भोके झटकून साफ करा, खाली पांढरा कागद अंथरा आणि दोनतीन दिवसांनी पाहा. कागदावर पिठासारखी भुकटी पडली असेल तर कीड जिवंत आहे. भुकटीऐवजी मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. अशी वस्तू घरात आणू नये. एकाबरोबर दाराची चौकटही जाते.

भुसा आणि डिंक दाबून केलेल्या फळ्यांचे सामानही जुन्या बाजारात येते. दिसायला ते छानदार असते, पण पाणी लागले की फुगते आणि एकदा निघालेला स्क्रू पुन्हा धरत नाही. शिवाय असल्या फळ्यांच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. नवेपणी डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. या वायूमुळे माणसाला कर्करोग होऊ शकतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली दिला. काळ जाईल तसा तो वायू कमी होतो, म्हणून घरात असले सामान असेल तर घाबरून फेकून देण्याचे कारण नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्या. पण निवड आपल्या हाती असेल, तर भरीव लाकूड केव्हाही बरे.

‘जुने ते सोने’ असे आपण म्हणतो खरे, पण जुन्या सामानाबरोबर तीन पाहुणे न बोलावता घरात येऊ शकतात, त्यांची ओळख करून घेतली पाहिजे. पहिला ढेकूण. हा प्राणी महिनोन्महिने उपाशी राहू शकतो, म्हणून ‘पलंग वर्षभर पडून होता’ या बोलण्यावर जाऊ नका. सांधे, खिळ्यांची भोके, नवारीच्या घड्या नीट पाहा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण होते किंवा आहेत. अशी खाट अंगणातच ठेवून सांध्यासांध्यांत उकळते पाणी ओतावे, कडक ऊन द्यावे आणि दहाबारा दिवसांनी हेच पुन्हा करावे. कारण पहिल्या खेपेला वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. नवार काढून उकळत्या पाण्यात टाकावी. जुनी गादी मात्र विकत घेऊच नये. पलंग दुसऱ्याचा चालतो, गादी आपली हवी. घरचाच जुना कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला तर गादी थोडक्यात होते.

दुसरा पाहुणा म्हणजे जुना तेलरंग. त्यात शिसे असू शकते. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते, आणि थोडेसे शिसे चालते असे म्हणण्यासारखी मर्यादा शास्त्रज्ञांना सापडलेली नाही. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेले सामान संशयास्पद धरावे. रंगाचे पोपडे निघालेला पाळणा किंवा मुलांची खुर्ची घेऊ नये, कारण मूल हाताला येईल ते तोंडात घालते. मोठ्यांच्या वापराची वस्तू असेल तर कोरडा पॉलिश-कागद घासू नका, धूळ उडते. पाणी लावून, घराबाहेर, मुलांना दूर ठेवून घासा आणि निघालेला चिखल कागदात गुंडाळून टाका. अंगावरचे कपडे निराळे धुवा. नुसते पॉलिश केलेले लाकूड असेल तर ही भीती कमी. त्याला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा हात द्यावा किंवा जवसाचे तेल चोळावे. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवून मग टाकावेत.

तिसरा पाहुणा म्हणजे अपघात. डुगडुगणारा स्टूल, कडा फुटलेली काच, वरून जड आणि खालून हलके असलेले कपाट. कपाटाच्या खणात मूल चढते आणि कपाट अंगावर येते. असले कपाट भिंतीला पट्टीने पक्के करून घ्यावे.

एवढी पारख झाली, की मग सर्वांत महत्त्वाचे माप घ्यायचे. ते आपल्या शरीराचे. बाजारात जाताना खिशात टेप ठेवा. घरीच गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून घ्या. तीच तुमच्या खुर्चीची उंची. पुष्कळांना ती १६-१७ इंच पडते, बुटक्या माणसाला १५ इंचही पुरतात. बसल्यावर तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि खुर्चीची कड व गुडघ्याची खळगी यांत दोन-तीन बोटे जागा उरली पाहिजे. टेबल असे हवे, की लिहिताना खांदे उचलावे लागू नयेत. बसल्यावर कोपर जिथे येते तेवढ्या उंचीचे. वर्षानुवर्षे वह्या तपासून ज्या शिक्षकांची मान आणि पाठ धरते, त्यांनी औषधाआधी एकदा आपल्या टेबलाची उंची मोजून पाहावी.

आणि इथेच जुन्या भरीव सामानाचा मोठा गुण दिसतो. खुर्ची उंच झाली तर सुतार तिचे खूर इंच-दीड इंच कापून देतो. टेबल बुटके झाले तर खुरांखाली ठोकळे बसवतो. कोऱ्या, साच्यातल्या सामानात माणसाने आपले शरीर सामानाला जुळवून घ्यायचे असते; जुन्या लाकडात सामान शरीराला जुळवता येते. मुलासाठी वेगळे टेबल घेणे जमत नसेल, तर त्याच्या पायांखाली पाट ठेवा. लोंबकळणारे पाय टेकले की मूल आपोआप ताठ बसते. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याला बुटकी, मऊ खुर्ची देऊ नका. थोडी उंच, दोन्ही बाजूंना हात असलेली लाकडी किंवा वेताची खुर्ची द्या, म्हणजे कुणाला हाक न मारता त्याला उठता येईल. आपल्या पायांनी उठता येणे ही म्हातारपणी फार मोठी दौलत आहे. वेत तुटला असला तरी चालेल, तो पुन्हा विणून मिळतो.

आता सामान घरात आले. ते मांडायचे कसे? खोली सामानाने भरली पाहिजे असा काही दंडक नाही. एका चटईएवढी, म्हणजे सात फूट लांब आणि तीन फूट रुंद जागा मुद्दाम मोकळी सोडा. सूर्यनमस्काराला एवढीच जागा लागते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले आणि महाराष्ट्रभर त्यांचा प्रसार केला, तो काही मोठमोठी यंत्रे मांडून नव्हे. जागा मोकळी असली की सकाळी तिच्याकडे लक्ष जाते. तिथे टेबल ठेवले की संकल्पावर टेबल बसले, म्हणून समजा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी नमस्काराचा आणि जमिनीवर बसण्याचा हट्ट धरू नये, त्यांनी चालावे. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. तीस वर्षांवरील माणसांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य तपासतात. ती तपासणी वर्षातून एकदा करून घ्यायला काहीच हरकत नाही.

जाळीचे कपाट स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर येईल असे ठेवा. मधल्या फळीवर केळी, पेरू, काकडी, गाजर, भाजलेले शेंगदाणे-फुटाणे; आणि फरसाणाचा डबा सर्वांत वरच्या फळीवर, जिथे स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही. भूक लागल्यावर माणूस समोर दिसेल ते खातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या सूचनांप्रमाणे ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा असावा. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा जास्त नसावे. त्यात लोणचे आणि पापडही आले. जेवायचे ते पाटावर किंवा टेबलावर, पण टी.व्ही.समोर नको. टी.व्ही.समोर सोफ्याऐवजी साध्या लाकडी खुर्च्या ठेवून पाहा. अर्ध्या तासाने माणूस आपोआप उठतो, आणि ते चांगलेच आहे. मोबाइलची तार निजायच्या खोलीत नको, ती बाहेरच्या टेबलावर असू द्या.

सामानात जे पैसे वाचतील, त्यांतून शक्य असेल तर एक जुनी सायकल घ्या. ती काही लाकडी सामान नव्हे, पण बिऱ्हाडातली फार उपयोगी वस्तू आहे. शाळेला जायला पंधरा मिनिटे आणि यायला पंधरा मिनिटे धरली, तर आठवड्याच्या पाच दिवसांत १५० मिनिटे पुरी होतात. व्यायामासाठी निराळा वेळ काढावा लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक वेगळी विनंती आहे. आपल्या शाळेत पहिलीपासून सातवीपर्यंत बहुधा एकाच मापाचे बाक असतात. पहिलीच्या मुलाचे पाय लोंबतात आणि सातवीचा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसतो. मोडके बाक निर्लेखनात काढण्यापूर्वी गावच्या सुताराला बोलवा. त्यांतले काही बाक खूर कापून लहान मुलांना बसतील असे करता येतात का, ते पाहा. व्यवस्थापन समितीसमोर हा विषय ठेवला तर खर्चाला कुणी नाही म्हणेल असे वाटत नाही. मुलांनाच वर्गातल्या बाकांची आणि आपल्या गुडघ्यांची मापे घ्यायला सांगा. मापनाचा पाठही होईल आणि आपण कसे बसतो, याकडे त्यांचे लक्षही जाईल. आणि दर तासाला दोन मिनिटे सगळा वर्ग उभा करा. याला कुठलेच सामान लागत नाही.

हे सगळे एकदम करायचे नाही. या आठवड्यात एवढेच करा : एक टेप घ्या, घरातल्या प्रत्येकाच्या गुडघ्याची उंची मोजा, मग घरातल्या प्रत्येक खुर्चीची उंची मोजा, आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहा. कुणाची खुर्ची कुणाला बसत नाही, ते तो कागदच सांगेल. पुढचे काम तुमचे आणि तुमच्या गावच्या सुतारदादाचे.